दृष्टांत, दाखला आणि किनारा : रायगडच्या दर्यापट्टीतील ख्रिस्ती बोधवाचनाचा इतिहास

१

महानुभावीय 'दृष्टांतपाठा'तील ११४ दृष्टांतांची रचना त्रिपदरी आहे, हे मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. आधी सूत्र, मग ते उलगडणारा लौकिक व्यवहारातला दृष्टांत, आणि शेवटी दृष्टांताचा सूत्राशी सांधा जुळविणारे दार्ष्टांतिक. यांतील दृष्टांत चक्रधरांच्या निरूपणातले. दार्ष्टांतिकाचा भाग मात्र संकलक केसोबासांचा मानला जातो. म्हणजे गोष्ट सांगणारा एक आणि गोष्टीचा बोध निश्चित करणारा दुसरा, अशी श्रमविभागणी मराठी गद्याच्या आरंभकाळातच झालेली दिसते. या विभागणीकडे केवळ रचनेचे वैशिष्ट्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. दार्ष्टांतिक ज्याच्या हाती, त्याच्या हाती बोधाची सत्ता असते.

शुभवर्तमानांतील येशूचे दृष्टांत या दृष्टीने तपासले, तर त्यांचा एक विशेष चटकन लक्षात येतो. पेरणाऱ्याच्या किंवा निदणाच्या दृष्टांतासारखे काही अपवाद वगळता त्यांतील बहुसंख्य दृष्टांतांना सविस्तर दार्ष्टांतिक जोडलेले नाही. पेरणी, जाळे, खमीर, मीठ, हरवलेले नाणे, मजुरीचा तंटा अशी दैनंदिन जीवनातील घटना सांगितली जाते आणि श्रोत्यावर सोपविली जाते. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने यासाठी 'दाखला' हा शब्द योजला. 'दृष्टांत' या शब्दात पाहणे आहे. 'दाखला' या शब्दात पुरावा आहे, कचेरीत सादर करावयाचा कागदही आहे. जे दिसते ते पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते; पुरावा मात्र आधीच ठरलेल्या विधानासाठी दिला जातो. मराठीतील ख्रिस्ती बोधपर वाङ्मयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन शब्दांमधील ताणाचा इतिहास आहे.

या वाङ्मयाकडे मराठी समीक्षेने दोन ठराविक दृष्टींनी पाहिले. एक तर ते प्रचारकी म्हणून बाजूला ठेवले, नाही तर फादर स्टीफन्स आणि रेव्हरंड टिळक अशी दोन शिखरे निवडून त्यांचा गौरव केला. दैनंदिन जीवन आणि शास्त्र यांत श्रद्धेचा धडा शोधण्याची जी व्यापक वाचनप्रथा या शिखरांच्या भोवती पसरली होती, तिचा विचार वाङ्मयप्रकार म्हणून क्वचितच झाला. ही प्रथा प्रत्यक्षात कशी घडते हे पाहण्यासाठी, १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचा किनारा विशेष उपयोगी आहे. चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज ठाणे, कोर्लईची कॅथलिक वस्ती, अलिबागच्या आसपासचे बेने इस्रायल, सावित्रीच्या मुखावरचे स्कॉटिश मिशन आणि या सर्वांना वेढणारा कोळी-आगरी श्रमजीवन यांचा एकत्र संबंध अन्यत्र सहसा आढळत नाही. ज्यांच्या हाती ग्रंथ होता त्यांना येथील दिनक्रम अपरिचित होता आणि ज्यांचा दिनक्रम ग्रंथाच्या जवळचा होता त्यांच्या हाती ग्रंथ नव्हता, ही या किनाऱ्यावरील वाचनेतिहासाची मूळ परिस्थिती होय.

२

पोर्तुगीजांनी चौलच्या किल्ल्याचे बांधकाम १५२१ मध्ये हाती घेतले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे कुंडलिकेच्या मुखावर त्यांचे ठाणे राहिले. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात आले. या काळात ख्रिस्ती धर्मशिक्षणाला मराठी वाङ्मयीन रूप मिळाले ते मात्र गोव्यात. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ओवी आणि पुराण हा आकृतिबंध स्वीकारला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द पत्करला आणि बायबलमधील कथा एतद्देशीय श्रवणपरंपरेत आणून बसविली. स्टीफन्सची ही निवड भाषिक औदार्याची होती, तशीच ती धोरणाचीही होती. धर्मांतरित समाजाची पुराणे काढून घेतल्यावर त्याच्या श्रवणाची जागा रिकामी राहिली होती आणि ती भरणे आवश्यक होते.

उत्तर कोकणच्या दृष्टीने त्याहून जवळचा ग्रंथ म्हणजे फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश याचे, १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले पुराण. ख्रिस्ताच्या दुःखसहनावर त्याचा भर आहे आणि त्याची भाषा उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीकडे झुकणारी आहे. स्टीफन्सने ग्रंथमराठीच्या प्रतिष्ठेचा आधार घेतला; वाझने घरातल्या बोलीचा. वाङ्मयगुणांच्या तुलनेत वाझचे स्थान खालचे ठरविले गेले असले, तरी ऐकणाऱ्याच्या घरातला शब्द शास्त्राच्या कथेत येणे ही घटना वाचनप्रथेच्या इतिहासात लहान म्हणता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यापूर्वीच, १८११ मध्ये, सेरामपूरच्या मिशनने मराठी नवा करार मोडी लिपीत छापला होता. अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला. १८२७ मध्ये मुंबईत ट्रॅक्ट सोसायटी स्थापन झाली आणि गावोगाव वाटावयाच्या छोट्या पुस्तिकांचा ओघ सुरू झाला. पुराण ऐकावयाचे असते, समूहात ऐकावयाचे असते. ट्रॅक्ट हातात द्यावयाचे असते आणि ते एकट्याने वाचावे अशी अपेक्षा असते. या नव्या प्रकारात दार्ष्टांतिकाला विलक्षण महत्त्व आले. गोष्ट कोणतीही असो, शेवटच्या परिच्छेदात तिचा हिशेब चुकता केला जाई. श्रोत्याला गोष्टीसोबत एकटे सोडण्याची शुभवर्तमानाची रीत या शेवटच्या परिच्छेदाने मोडीत काढली.

भाषांतरकारांनी मात्र एका ठिकाणी, कदाचित जितके त्यांनी योजिले होते त्याहून अधिक, स्थानिक जीवनाला वाट करून दिली. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या अन्नासाठी मराठीने 'भाकर' हा शब्द घेतला. पोर्तुगीजांकडून आलेला 'पाव' हा शब्द उपलब्ध होता आणि वस्तूच्या दृष्टीने तो मूळाला अधिक जवळचाही होता. परंतु कोकणच्या लोकस्मृतीत पाव ही निरुपद्रवी वस्तू नव्हती. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटविल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जात. त्या कथा ऐतिहासिक घटना म्हणून तपासण्यापेक्षा चिन्ह म्हणून वाचाव्या लागतात: पाव म्हणजे जात जाणे. ज्या वस्तूने माणूस समाजाबाहेर पडतो असे ऐकणारा मानतो, ती वस्तू रोज मागण्याची प्रार्थना त्याच्या तोंडी कशी बसावी? 'भाकर' या शब्दाने हा पेच सुटला आणि आणखी एक गोष्ट झाली. देशावर भाकर म्हटली की ज्वारी-बाजरी समोर येते, किनाऱ्यावर तांदळाची भाकरी. एकाच शब्दाने दोन भूभाग आपापल्या चुलीपाशी प्रार्थना करू लागले. येथे दार्ष्टांतिक कोणी लिहिले नाही. ते चुलीने पुरविले.

३

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली तरी येथील ख्रिस्ती वस्ती राहिली, माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च राहिले आणि पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्रभाषाही राहिली. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषावैज्ञानिकाने १९९६ मध्ये या भाषेच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीज शब्दसंग्रहावर मराठी वाक्यरचनेचा प्रभाव कसा चढत गेला, हे त्यात दाखविले आहे.

श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्याला कोर्लईत एक असाधारण स्थिती दिसते. घरातली भाषा एक, शेजाऱ्याची आणि शाळेची भाषा मराठी, आणि उपासनेची भाषा प्रदीर्घ काळ लॅटिन. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) कॅथलिक उपासना सर्वत्र लोकभाषांत येऊ लागली, तेव्हा कोर्लईच्या वाट्याला लोकभाषा म्हणून मराठी आली. वरवर पाहता शास्त्र आता रोजच्या जीवनाजवळ आले. परंतु ज्या भाषेत आई मुलाला हाक मारते ती ही भाषा नव्हे. शास्त्र रस्त्यापर्यंत आले, उंबरठ्याच्या आत आले नाही. शास्त्रातून घरी धडा आणावयाचा, तर प्रत्येक वेळी अनुवाद करणे भाग, आणि हा अनुवाद कागदावर न होता बोलण्यात होतो.

लिखित संहिता हेच साहित्याचे एकमेव रूप मानणाऱ्या इतिहासलेखनाला ही प्रक्रिया दिसत नाही. कोर्लईच्या भाषेत धार्मिक ग्रंथपरंपरा नाही म्हणून तेथे बोधवाचन झाले नाही असे म्हणणे म्हणजे दार्ष्टांतिक छापलेले नसले तर ते नाहीच असे मानणे होय. येथील ख्रिस्ती कुटुंबांचे पारंपरिक जीवन मुख्यतः शेतीवर उभे होते. मासेमारी शेजारच्या कोळ्यांची. त्यामुळे पेरणाऱ्याचा दाखला त्यांना स्वतःच्या अनुभवाचा आणि जाळ्याचा दाखला शेजाऱ्याच्या अनुभवाचा. गालीलचे मच्छीमार शिष्य या गावात ख्रिस्ती घरापेक्षा कोळीवाड्याशी अधिक जुळतात. जे दृश्य येशूच्या अगदी निकटचे आहे ते येथे अन्यधर्मीयाच्या अंगणात घडते, ही गोष्ट कोणत्याही टीकाग्रंथात सापडणार नाही; ती गावाच्या रचनेतच आहे.

४

शास्त्र आणि दिनक्रम यांच्या संबंधाचा सर्वांत बोधप्रद अध्याय मात्र ख्रिस्ती नसलेल्या समाजाने लिहिला. बेने इस्रायल समाज या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आला. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. किहीमवरून किहीमकर किंवा केहिमकर, दिवे आगरवरून दिवेकर, राजपुरीवरून राजपूरकर, अष्टमीवरून अष्टमकर: त्यांच्या आडनावांत रायगडच्या किनाऱ्याचा नकाशाच उमटला आहे. सुंता, शब्बाथ, आहारनियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांच्यापाशी होती. हिब्रू ग्रंथपरंपरा मात्र तुटली होती.

या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिला आणि तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेली डेव्हिड राहाबीची परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. बाहेरून आलेल्या राहाबीने या लोकांचे यहुदीपण पारखण्यासाठी स्त्रियांना निरनिराळे मासे रांधावयास दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले आणि उरलेले आपण खात नाही असे सांगितले. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील नियम ज्यांनी वाचला नव्हता, त्यांनी तो हातांनी पाळला होता. कथेचा काळ आणि तिची ऐतिहासिकता हा वेगळा प्रश्न आहे. बोधवाचनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की येथे माशांची टोपली हाच ग्रंथ आहे आणि स्वयंपाकघर हीच पाठशाळा.

याच्या शेजारी मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील जाळ्याचा दृष्टांत ठेवला म्हणजे किनाऱ्यावरच्या वाचनाची गुंतागुंत उघड होते. समुद्रात टाकलेले जाळे सर्व प्रकारचे मासे गोळा करते; ते काठावर ओढल्यावर चांगले भांड्यांत भरले जातात आणि वाईट फेकले जातात. मूळ ग्रीक शब्द किनाऱ्याकडे ओढावयाच्या मोठ्या जाळ्याचा आहे. कोकणात त्याला रापण म्हणतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोलीतही असाच सरमिसळ माल येतो. आता 'वाईट' मासे कोणते? मिशनरी दार्ष्टांतिकात ते पापी लोक होत. राहाबीची कथा जाणणाऱ्या बेने इस्रायल स्त्रीला ते शिंगाळा, पाकट, कोळंबी आणि चिंबोरी होत. आणि मूळ यहुदी श्रोत्यांनाही तसेच वाटले असावे, असे अनेक बायबल-भाष्यकारांनी म्हटले आहे. कोळणीच्या दृष्टीने मात्र यांतले काहीच फेकण्याजोगे नाही. पापलेटाचा भाव वेगळा, कोळंबीचा वेगळा, आणि ज्याला भाव नाही ते वाळवणात किंवा खतात जाते. ती निवड करते, त्याग करीत नाही. एका दृष्टांताची तीन दार्ष्टांतिके, आणि तिन्ही काही कोसांच्या अंतरात. यांतील तिसरे अन्तिम न्यायाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारते: ज्याने सर्व प्रकार गोळा केले, त्याच्या घरी टाकाऊ काही असेल काय?

मिशनऱ्यांनी बेने इस्रायलांकडे मोठ्या आशेने पाहिले. त्यांना जुन्या कराराची ओढ होती आणि मूर्तिपूजेचा अडसर नव्हता. अमेरिकन मिशनने मुंबईत आणि कोकणच्या या भागात चालविलेल्या शाळांत बेने इस्रायल मुले होती, शिक्षकही होते. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. शास्त्र हाती पडले की पुढचे पाऊल आपोआप पडेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांच्या मार्गदर्शनाबरोबरच मराठी जुना करार आणि हिब्रू व्याकरण यांनी या समाजाला त्याच्या स्वतःच्या दिनक्रमाचा अर्थ परत मिळवून दिला. शनिवारी घाणा का थांबतो, हा मासा का चालत नाही, याचे उत्तर मुद्रित मराठीत सापडले. ख्रिस्ती होणारे अगदी थोडे निघाले; अलिबागला १८४८ मध्ये सिनेगॉग उभे राहिले आणि ती वस्ती इस्रायल आळी म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

याच काळात आकृतिबंधाचीही देवघेव झाली. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांची कीर्तने सुरू केली. हरिकीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग दोन्ही समाजांनी घेतला. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान ही रचना म्हणजे सूत्र आणि दृष्टांताचेच सादरीकरण. ज्याच्या हाती ग्रंथ दिला तो त्यातून कोणता धडा काढील, हे देणाऱ्याला ठरविता येत नाही. बेने इस्रायलांचे उदाहरण याचा निर्णायक पुरावा आहे, आणि तो मिशनच्याच छापखान्याने पुरविला.

५

युरोपीय दृष्टांतमीमांसेने याच सुमारास स्वतःची झाडाझडती सुरू केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत अडोल्फ युलिखरने रूपकात्मक दार्ष्टांतिकांची परंपरा नाकारली आणि प्रत्येक दृष्टांताचा एकच मुख्य मुद्दा असतो असे प्रतिपादन केले. १९३५ मध्ये सी. एच. डॉड याने दृष्टांत मूळच्या ऐतिहासिक परिस्थितीत नेऊन ठेवले आणि श्रोत्याला विचारात पाडणे हे त्यांचे कार्य असल्याचे सांगितले. १९९४ मध्ये विल्यम हर्झोगने त्याही पुढे जाऊन दृष्टांतांतील जमीनदार, कुळे आणि मजूर यांना रूपके न मानता जमीनदार, कुळे आणि मजूर म्हणूनच वाचावे, असा आग्रह धरला.

रायगडच्या किनाऱ्याला या तिसऱ्या वाचनासाठी ग्रंथालयाची आवश्यकता नव्हती. मिठाचा दृष्टांत पाहावा. मिठाचा खारेपणा जाईल कसा, या प्रश्नावर युरोपीय भाष्यकारांनी बरीच शाई खर्चिली आहे, कारण शुद्ध मीठ बेचव होत नाही. पेण-उरणच्या मिठागरांत काम करणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. उघड्या राशीवर पाऊस पडला की खार विरघळून जातो आणि पांढरा गाळ उरतो, म्हणून राशी शाकारून ठेवाव्या लागतात. शिवाय येथे मिठाला दुसरी बाजू आहे. 'आगरी' हे जातिनामच मिठागराशी निगडित मानले जाते. पण त्याच आगऱ्याचे खारेपाटातील भातशेत समुद्राचे पाणी अडविणाऱ्या बांधावर जगते. उधाणात बांधाला खांड पडली की मीठ शेतात शिरते आणि जमीन पुढच्या कित्येक हंगामांना मुकते. मीठ होण्याचा उपदेश अशा श्रोत्याला सरळ सुखद वाटेल असे नाही. पृथ्वीला मीठ हवे, पण बांधाच्या अलीकडे नको. उपदेशातील 'प्रमाणात असणे' हा धडा येथे शब्दांतून येत नाही, बांधातून येतो.

अधिक गंभीर प्रश्न जमिनीच्या दाखल्यांचा आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तिसरा दास धन्याला सांगतो की तू पेरले नाहीस तेथे कापतोस. परंपरागत दार्ष्टांतिकात धनी म्हणजे देव आणि हा दास आळशी. कुलाबा जिल्ह्यात खोती पद्धतीखाली राबणाऱ्या कुळाने हे वाक्य ऐकले, तर त्याला त्यात आळशी माणसाची सबब ऐकू येईल की स्वतःची फिर्याद? अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. दरम्यान १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या लढ्याचा बायबलशी काही संबंध नव्हता. परंतु ज्या भूमीत न पेरता कापणारा धनी हा प्रत्यक्ष अनुभव होता, तेथे त्याच धन्याला देवाच्या जागी बसविणारे दार्ष्टांतिक किती जड पडत असेल, याचा विचार धर्मोपदेशाच्या वाङ्मयाला टाळता येत नाही. हर्झोगने १९९४ मध्ये तिसऱ्या दासाला शोषणाची वाच्यता करणारा धीट साक्षीदार म्हटले. चरीच्या कुळांनी हे वाचन कागदावर मांडले नाही. त्यांनी नांगर खाली ठेवला.

६

सावित्रीच्या मुखावर, रायगडच्या दक्षिण सीमेला लागून, बाणकोट आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये येथे आला आणि त्याच वर्षी मरण पावला. त्याच्या सहकाऱ्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालविल्या. पुढे मिशनचे काम मुंबई-पुण्याकडे वळले. त्याच सावित्रीच्या काठी, खाडीने आत गेल्यावर, महाड आहे. तेथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या हजारो माणसांनी ओंजळीने घेतले. नदी एकच, मधे एक शतक.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी असून तो आपल्याकडे पाणी कसे मागतो, याचे तिला आश्चर्य वाटते, कारण दोन्ही समाजांत भांड्याचा व्यवहार नव्हता. पॅलेस्टाइनचा हा तपशील पाश्चात्त्य वाचकाला तळटीपेने समजवावा लागतो. महाराष्ट्रातील कोणत्याही जातीच्या वाचकाला तो तळटीपेवाचून कळतो. तरीही उपदेशपर वाङ्मय या प्रसंगातील लौकिक पाण्यावरून घाईने 'जिवंत पाण्या'कडे, म्हणजे आध्यात्मिक अर्थाकडे, जाते. घागर मागे राहते. सूत्र इतके उंच ठेवले जाते की दृष्टांतातला माणूस तहानलेला आहे याचा विसर पडतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे (१९३४-३६) असामान्यत्व या पार्श्वभूमीवर कळते. लक्ष्मीबाई या किनाऱ्यावरच्या नव्हेत, पण नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, दापोलीजवळच्या करजगावचे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या आत्मकथेत हा प्रवास धर्मसिद्धांतांच्या वादातून पुढे सरकत नाही. सोवळे, स्वयंपाक, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न, अशा घरगुती पायऱ्यांनी तो होतो. पाणी हे तेथे कशाचेही प्रतीक नाही. ते पाणी आहे, आणि ते पिण्यातच मन बदलले आहे. दार्ष्टांतिक वेगळे लिहावे लागत नाही, कारण दृष्टांत आणि दार्ष्टांतिक एकाच घोटात येतात. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविलेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले बायबलचे भाषांतर याच वृत्तीचे: अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा मराठीत शास्त्र आणणे. दोघींनी बोधाची सत्ता वाचणाऱ्या बाईच्या हाती देण्याचा प्रयत्न केला.

महाडची घटना मात्र याहून कठोर धडा देते. एका शतकाच्या शाळा, ट्रॅक्टे आणि प्रवचने यांनंतरही शोमरोनी स्त्रीच्या कथेचे लौकिक दार्ष्टांतिक सावित्रीच्या काठी लिहिले गेले ते कोणत्याही धर्मग्रंथाच्या आधारे नव्हे, तर नागरी हक्काच्या भाषेत. आणि ते लिहिणाऱ्यांनी शास्त्राची मध्यस्थी मागितली नाही. शास्त्रातला प्रसंग इतका जवळ असताना तो उच्चारण्याची संधी बोधवाङ्मयाने गमावली. हे अपयश श्रद्धेचे आहे की वाचनाचे, हा प्रश्न ख्रिस्ती मराठी साहित्याच्या इतिहासकाराने विचारला पाहिजे.

७

या किनाऱ्यावरील वाचनेतिहासातून बोधपर साहित्याच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. एखादे लेखन बोध करते म्हणून ते हिणकस ठरत नाही. 'दृष्टांतपाठ' बोधच करतो, ज्ञानेश्वरीही करते. पाहावयाचे ते हे की दैनंदिन जीवनातली वस्तू त्या लेखनात आधी ठरलेल्या विधानाचा पुरावा म्हणून हजर केली आहे, की तिला स्वतःचे वजन आहे आणि ती सूत्राला उत्तर देऊ शकते. पहिल्या प्रकारात मीठ, मासा, पाणी बदलून दुसरे काहीही ठेवले तरी बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात ते बदलता येत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर वस्तू वारंवार उत्तर देत राहिल्या. भाकरीने प्रार्थनेला चूल दिली. माशाने बेने इस्रायलांना ग्रंथ परत दिला. बांधाने मिठाच्या उपदेशाला मर्यादा दाखविली, खंडाने धन्याच्या रूपकावर संशय घेतला, आणि तळ्याच्या पाण्याने आध्यात्मिक तहान आणि खरी तहान यांतला क्रम विचारला. यांपैकी काहीच मिशनच्या अहवालांत 'फळ' म्हणून मोजले गेले नसते. तरी शुभवर्तमानातील दृष्टांतांचे दार्ष्टांतिक श्रोत्यावर सोपविलेले होते, हे मान्य केले, तर या किनाऱ्यावरचे कोळी, तेली, आगरी, कुळे आणि कोर्लईतील ख्रिस्ती घरे यांना त्या दृष्टांतांचे अपेक्षित श्रोते मानावे लागते. त्यांतील बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि अनेकांनी पुस्तकही उघडले नाही. दृष्टांत ऐकण्यासाठी लागणारी गोष्ट त्यांच्यापाशी होती: ज्या वस्तूंविषयी तो बोलतो त्या वस्तूंशी रोजचा, कष्टाचा संबंध.